मत्सराचं सोंग

वणीला आमच्या कॉलनीत दुर्गोत्सवात षड्रिपूंचं नाटक बसवलं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, सगळे पुरुषांनी पटापट वाटून घेतले. उरला मत्सर. "त्याले बाईच पाह्यजे," दिग्दर्शक म्हणाले. म्हणे बाईच! पुरुषांना जसा मत्सर ठाऊकच नाही! चिडले, पण घेतला. स्टेजचा सोस होता मला, खोटं कशाला सांगू.

माझं काम एवढंच, शेजारणीच्या पाळण्यापाशी जायचं आणि आत पाहत राहायचं. पाळण्यात कापडाची बाहुली. मला लेकरू नाही, पण कोणाच्या लेकराचा हेवा कधी केला नव्हता, देवाशपथ. ती नजर जमेना. रोज आरशापुढे घासली, तेव्हा कुठे जमली. प्रयोगात मी पाळण्याकडे पाहिलं आणि समोरच्या बायांनी आपापली लेकरं पदराखाली घेतली. काय हरखले होते मी!

कोणीतरी मोबाइलवर काढलेला तो प्रवेश उमरखेडला माझ्या माहेरी पोचला. भावजय तेव्हा पोटुशी होती.

मुलगी झाली. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. नावही मीच सुचवलेलं. झबलं शिवून नेलं. दारातच आईनं हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"बाई, वाईट नको वाटून घेऊ. तिच्या मनात भेव बसलं. तू अंदरच बस."

"अवं, नाटक होतं ते! बाहुली होती पाळण्यात!"

"मले समजते. तिले कोन समजावन?"

आणि भाऊ? तो बाहेर सतरंज्या टाकत होता.

चुलत बहिणीनं पाळण्यावर वाकून कुर्रर्र केलं. मी सुचवलेलं नाव तिनं सांगितलं. बायांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ते बुक्के माझे होते हो! जीव नुसता जळत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, झबलं हातातच.

किती वेळ पाहत होते कोण जाणे. भावजयीनं मान वर केली, मला पाहिलं आणि झटकन पाळण्यावर पदर टाकला.

तिचं काय चुकलं? त्या दिवशी मला आरसा लागला नव्हता.