खोक्यांवरची जर्मन

वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत माझी अशी पक्की समजूत होती, की अख्ख्या बंगळुरात जर्मन भाषा एकाच माणसाला येते आणि तो माणूस म्हणजे आमच्या अक्काचे सासरे. ही समजूत अर्थातच त्यांनीच करून दिली होती. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. लढाईच्या आधी आणि लढाईनंतरही तिथे जर्मनीहून लाकडी खोक्यांतून यंत्रं यायची. त्या खोक्यांवर काळ्या शाईत छापलेल्या सूचना वाचून, मग आतली माहितीपुस्तकं वाचून, आणि शेवटी यंत्रं बसवायला आलेल्या दोन जर्मन फिटरांच्या शेजारी बसून डबा खाता खाता त्यांनी ती भाषा कमावली होती. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. यांनी रिकामी खोकी मागून घेतली. राजाजीनगरातल्या त्यांच्या नव्या घरात बाक, फडताळ, देवघर सगळं त्याच फळ्यांचं होतं. अक्का लग्न होऊन त्या घरी गेली तेव्हा तिच्या पलंगाच्या उशाशी जर्मनमध्ये ठळक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. तिने भीत भीत अर्थ विचारला. सासऱ्यांनी गंभीरपणे सांगितलं, "नाजूक वस्तू. आपटू नये, ओली होऊ देऊ नये." अक्का म्हणायची, सासरी मला त्रास झाला नाही याचं अर्धं श्रेय त्या फळीला आहे.

छापील सूचनेवर त्यांची श्रद्धा देवाइतकी. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं असलं तर इतकी हलवायचे, की घरातलं मांजर पळून जाई. अक्काच्याच लग्नात रुखवताची खोकी मोजून घेताना खडूने प्रत्येकावर वरच्या दिशेचा बाण काढत ते निघाले आणि तंद्रीत एका खोक्यावर बसलेल्या माझ्या आत्याच्या पाठीवरही बाण काढून पुढे गेले. आत्या दिवसभर तो बाण मिरवत पंक्तीत वाढत होती. पण ते मुलाकडचे, आम्ही मुलीकडचे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, नुसते हसून म्हणाले, "सरी, सरी. रावसाहेबांचं बरोबरच असणार."

आप्पांच्या या कानडी 'सरी'नेच, म्हणजे 'बरं'नेच, पुढे माझं आयुष्य बदललं. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होते आणि आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंनी हौसेने अमेरिकेतल्या एका मुलींच्या कॉलेजकडे माझा अर्ज धाडला होता. फी माफ, राहणं फुकट. फक्त एक अट होती: हायस्कुलात दोन वर्षं एखादी परकी भाषा झालेली हवी. आप्पांना हायसं वाटलं. धारवाडचं एक स्थळ आलेलं होतंच. ते म्हणाले, "अट पुरी होत नाही ना? मग देवाचीच इच्छा. स्वल्प दिवस थांबू आणि धारवाडकरांना होकार कळवू." मी परसात जाऊन रडले. त्याच रविवारी अक्काचे सासरे बसवनगुडीला आमच्याकडे जेवायला आले, पानावरूनच त्यांनी सगळं ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला.

"परकी भाषा नाही? अहो, ही घरात मराठी बोलते, रस्त्यात कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि संस्कृतात तिला ऐंशी मार्क आहेत. चारांतली एक तरी परकी निघेलच की!"

ते तिथेच, उष्ट्या हाताने, मजकूर सांगू लागले आणि मी लिहून घेतलं: 'मुलीस चार भाषा येतात. पैकी परकी कोणती, ते उलटटपाली कळवावे.' दीड महिन्याने उत्तर आलं. कॉलेजने फार अदबीने लिहिलं होतं, की इंग्रजी हे तुमच्या शाळेचं माध्यम आहे आणि उरलेल्या तिन्ही तुमच्याच आहेत. तेव्हा यांतली एकही परकी धरता येत नाही. मात्र दुसरी एखादी भाषा शिकून जाणत्या शिक्षकाचं प्रमाणपत्र पाठवलं तर चालेल. मुदत आठ महिने. मी पुन्हा परसात गेले. अक्काचे सासरे मात्र पत्र नाचवत आप्पांकडे गेले. "बघा! मराठी, कन्नड, संस्कृत तिन्ही आपल्याच, हे अमेरिकेने लेखी दिलं! आता जर्मन तेवढी मी शिकवतो. धारवाडकरांना कळवा, मुलगी अभ्यासात आहे."

आप्पांनी आईकडे पाहिलं. आई चुलीकडे पाहत होती. आप्पा म्हणाले, "सरी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दारात सायकलची घंटी वाजू लागली. राजाजीनगर ते बसवनगुडी, अंगात कारखान्याचा कोट, कानावर पेन्सिल, कॅरिअरला फळी बांधलेली. रोज एक नवी फळी हा आमचा धडा. मी 'सावधान' शिकले, 'वरची बाजू' शिकले, 'कोरड्या जागी ठेवा' शिकले. मग माहितीपुस्तकं सुरू झाली. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत हे मला सांगताना तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. "इंग्रजीवाले इथे रडतात, मगू, बाळ! आपल्याला काय? तो, ती, ते आईच्या दुधातून मिळालेले." पण चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी निघाली, आणि त्याच आठवड्यात 'मुलगी' हा शब्दही नपुंसकलिंगी आहे असं समजल्यावर मी वही मिटली.

"अण्णा," मी अक्काच्या सासऱ्यांना म्हणाले, "ही कसली भाषा? मुलगी 'ते'?"

"का? 'ते पोर कुठे उलथलं' असं तुझी आई दिवसातून चारदा म्हणते, तेव्हा नाही राग येत?"

मी वही उघडली. मुदत संपेपर्यंत मी ती पुन्हा मिटली नाही. गांधीबाजारातून भाजी आणताना मी क्रियापदं चालवत असे. आमचा भाजीवाला 'अक्का, काय मंत्र म्हणताय' असं विचारायचा आणि दोन मिरच्या जास्त टाकायचा. आप्पा सुरुवातीला वर्तमानपत्राआडून ऐकायचे. एकदा मी एका शब्दावर अडले तर वर्तमानपत्राआडून बरोबर उत्तर आलं, आणि लगेच घाईघाईने पान उलटल्याचा आवाज आला.

प्रमाणपत्र द्यायला कँटोन्मेंटातल्या एक जर्मन बाई तयार झाल्या. त्या एका संस्थेत जर्मन शिकवायच्या. परीक्षेच्या दिवशी अक्काचे सासरे जरीची म्हैसुरी पगडी घालून आले. बाईंनी त्यांना व्हरांड्यात बसवलं, मला आत नेलं आणि एक उतारा दिला. उताऱ्यात एक आजी होती, एक मांजर होतं आणि लोकरीचा गुंडा होता. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता. वंगण येत होतं, दट्ट्या येत होता, 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी' हे संपूर्ण वाक्य येत होतं. मांजर येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर धारवाड उभं राहिलं. बाई थांबल्या. मग उतारा बाजूला ठेवून जर्मनमध्येच हळू म्हणाल्या, "बरं, तुझ्या आईबद्दल सांग."

मी माझ्याकडे होते तेच शब्द जुळवले. "माझी आई सकाळी पाचला चालू होते. रात्री दहाला बंद होते. मधे थांबत नाही. तिची देखभाल कोणी करत नाही."

बाई आधी मोठ्याने हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुला कोणी शिकवलं?" मी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. त्यांनी अक्काच्या सासऱ्यांना आत बोलावलं. त्यांनी उंबऱ्यातच टाचा जुळवल्या आणि ते स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "माल आपल्या ताब्यात दिला आहे. दोष आढळल्यास पाठवणाऱ्यास कळवावे."

"दोष आहे," बाई म्हणाल्या. "व्याकरण चोख आहे, पण माणसांचे शब्द नाहीत. दोन महिने दर शनिवारी हिला पाठवा. मग मी सही करीन. तुमची मुदत त्याच्या आत संपत नाही ना?"

"नाही. नऊ दिवस उरतात," ते म्हणाले. मग पगडी सावरून, जरा खालच्या आवाजात, "मीही आलो तर चालेल?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला तर यावंच लागेल. दोष तुमच्याकडून आलेला आहे."

असे ते साठी उलटलेले गृहस्थ दर शनिवारी माझ्या शेजारच्या बाकावर बसून मांजर, आजी, पाऊस, भूक असे शब्द वहीत उतरवू लागले. चुकले की लाजायचे. शेवटच्या शनिवारी बाईंनी सही केली, आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेहून प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे आप्पांनी स्वतः वाटले. धारवाडकरांच्या घरीसुद्धा एक पुडा पाठवायला निघाले होते, आईने आवरलं.

अट पुरी झाली म्हणून कॉलेजने मला तिथल्या परक्या भाषेच्या वर्गातून सूट दिली, आणि माझी जर्मन उरली ती फक्त अक्काच्या सासऱ्यांच्या पत्रांपुरती. ती पत्रं ते जर्मनमध्येच लिहीत. सुनेच्या धाकट्या बहिणीला आमच्यात कोणी मायेचं काही लिहीत नाही, मराठीत तर नाहीच. जर्मनमध्ये त्यांनी एकदा लिहिलं: 'दू फेल्स्ट उन्स.' म्हणजे, आमच्यात तू कमी आहेस, तुझी आठवण येते. खाली कंसात मराठीत खुलासा होता: 'यादीत आहे, पण खोक्यात नाही, अशा नगापुढे हाच शब्द लिहितात.' मी उत्तर पाठवायची, ते माझ्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून माझंच पत्र मला परत पाठवायचे. तिसऱ्या हिवाळ्यात मी चार पानी पत्र लिहिलं. पत्र पोचायच्या आधीच अक्काचे सासरे गेले होते. अक्काने ते न फोडता जपून ठेवलं आणि मी परत आले तेव्हा माझ्या हातात दिलं. त्यात दोन चुका आहेत. कुठे आहेत तेही मला आता कळतं. मी त्या तशाच राहू दिल्या आहेत.