मेहुण्याच्या शेजारी बसून काढलेलं लायसन

आमच्या मोरिवलीत महिपती नावाचा गाडीवान होता. त्याची बैलजोडी अशी की शिवरात्रीच्या जत्रेत लोक अंबरनाथाच्या देवळात हात जोडून आले की सरळ त्याच्या बैलांकडे वळायचे. काहीजण आधी बैल बघायचे आणि मग देव. त्यांची नावं लिहीत नाही, कारण त्यांत मीही होतो. बैलांच्या पाठीवर लाल बनातीची जाड झूल, तिला कवड्या आणि भिंगं. ही झूल महिपतीच्या आईने हाताने शिवलेली. ती धुवायला तो बायकोलाही देत नसे.

बायको बनूबाई, बदलापूरकडची. हसरी, कामाला वाघीण, आणि बोलण्यात एकच खोड. चार वाक्यं झाली की पाचव्यात तिचा भाऊ नाथा यायचा. आमटीत मीठ कमी पडलं तरी, "आमच्या नाथाला असलीच लागते," म्हणायची.

या नाथाबद्दल महिपतीच्या पोटात लग्नाच्या मांडवापासून कढ होता. आपल्याकडे बायकोचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून. मग त्याला टोपी-उपरणं द्यायचं, सगळ्यांनी हसायचं, झालं. नाथा तेव्हा पोरगेलासा. त्याने कान पिळला तो लुगड्याचा पिळा काढावा तसा. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मांडवातल्या बायका म्हणाल्या, नवरदेव किती हळवा आहे. मी जवळच अक्षता घेऊन उभा होतो. कानाचा रंग मला अजून आठवतो.

पुढे नाथा कल्याणला एका ट्रकवाल्याकडे क्लिनर राहिला. गाडी धुतली, इंजिन चालू करायला पुढून हँडल मारलं, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, आणि ठाण्याला परीक्षा देऊन पक्कं लायसन काढलं. खाकी शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला लावून तो पहिल्यांदा बहिणीकडे आला तेव्हा बनूबाईने त्याला ओवाळलं. महिपती गोठ्यात जाऊन बैलांचे खूर तपासत बसला.

तेव्हा उल्हासनगरचा कॅम्प वसून चार-पाच वर्षं झाली असतील. सिंधी मंडळी मिलिटरीच्या जुन्या बराकींना भिंती घालत होती, दुकानं काढत होती. विटा कितीही आणा, पुरत नव्हत्या. बदलापूरच्या भट्ट्यांवरून विटा न्यायचं काम आधी आमच्या गाडीवानांकडे होतं. मग लोकूमल शेठने मिलिटरीच्या लिलावातला ट्रक घेतला आणि त्यावर ड्रायव्हर म्हणून नाथाला ठेवलं. महिपतीची गाडी दिवसाला एक खेप करी. नाथा दुपारच्या जेवणाआधी दोन करून यायचा, आणि येताना मोरिवलीच्या वळणावर बहिणीसाठी हॉर्न वाजवायचा. बनूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन रस्त्यावर धावायची.

"माझ्या गाडीला कधी उंबऱ्याबाहेर आलीस का?" महिपतीने एकदा विचारलं.

"तुमच्या बैलांना हॉर्न कुठाय?" बनूबाई म्हणाली.

त्या दसऱ्याला ती नवऱ्याला म्हणाली, "नाथा झूल मागतोय. गाडीत टाकायला."

"बैलांची झूल साल्याच्या ट्रकवर? उद्या बैलच मागेल."

"नुसती पडून तर आहे."

"पडू दे."

तो विषय तिथेच संपला. पण वाचकांनी ही झूल ध्यानात ठेवावी, पुढे तिच्यापाशी यायचं आहे.

दिवाळीनंतर लोकूमल शेठने दुसरा ट्रक ठरवला, नवाकोरा. महिपतीच्या खेपा तोवर आठवड्याला दोनवर आल्या होत्या. शेठ मनाने चांगला. विठ्ठलवाडीच्या नाक्यावर त्याने महिपतीला गाठलं. मी बरोबरच होतो. शेठ म्हणाला, "देखो साईं, बैल का जमाना गया. शिवरात्रीपर्यंत लायसन घेऊन ये. माझ्या दो गाड्या, तुम दो ड्रायव्हर. नहीं तो मी कल्याणचा माणूस आणतो. मग मला बोलू नको."

महिपती घरी आला तो एकदम ताठ. म्हणाला, "बाळा, आपण लायसन काढायचं. बैल हाकतो त्याला ट्रक काय जड आहे?" मी चौथी पास, म्हणून अर्जाचं काम माझ्याकडे आलं. चौकशी करून आलो आणि त्याच्या ओटीवर बसून सगळं सांगितलं. आधी डॉक्टरचा दाखला. मग शिकाऊ लायसन. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर शिकाऊचं लाल 'एल' अक्षर लावायचं. हाताच्या खुणा, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, मागे घेणं, लांबून नंबर वाचणं, एवढं ठाण्याला इन्स्पेक्टर बघणार. आणि शिकताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलाच पाहिजे, त्याशिवाय चाक हलवायचं नाही.

"असा माणूस आपल्यात कोण?" महिपतीने विचारलं.

आतून बनूबाईच्या बांगड्या वाजल्या. "आहे की," ती म्हणाली.

महिपतीचा हात नकळत कानाकडे गेलेला मी पाहिला.

शेवटी शेठनेच नाथाला सांगितलं. नाथानेही अट घातली. "भावोजी, मी क्लिनरकी करून शिकलो, तुम्हीही तशीच करायची. नवी गाडी येईपर्यंत माझ्या गाडीवर. केबिनमधल्या सीटवर उस्तादाशिवाय कुणी बसत नाही, हा नियम आहे."

जो जावई सासरी गेला की पाटावर बसायचा, ज्याच्या पायांवर नाथाने तांब्याने पाणी घातलं होतं, तो जावई आता मोरिवलीच्या वळणावर सगळ्या गावासमोर साल्याच्या ट्रकला हँडल मारू लागला. हँडल उलटं झटकलं की महिपती मागे सरकायचा आणि नाथा वरून म्हणायचा, "अंगठा बाहेर ठेवा भावोजी, हात मोडेल. तायडी मला बोलेल." तायडीही रस्त्यावर उभी असायची. "जरा जोर लावा," ती नवऱ्याला म्हणायची.

महिपतीने मनाशी ठरवलं की या माणसाला एक शब्द विचारायचा नाही. "विचारलं की त्याचं डोकं आणखी चढणार," तो मला म्हणाला. "मला डोळे आहेत. बघून शिकतो." आणि खरंच, विटांच्या ढिगावर बसून केबिनच्या मागच्या झरोक्यातून तो नाथाला असा न्याहाळायचा की दुसऱ्या कुणी तसं बघितलं असतं तर दृष्ट काढावी लागली असती. गियर कधी बदलतो, क्लच दोनदा का दाबतो, वळणाआधी हात कसा काढतो, सगळं त्याने टिपलं. आणि त्याने आणखी एक गोष्ट टिपली. नाथा गाडी चालवायचा तो उजव्या कुशीवर कलून, दाराला चिकटून, मान खिडकीबाहेर काढून आणि एक डोळा बारीक करून.

एका संध्याकाळी महिपती बैलगाडी घेऊन येताना दिसला. एका बुडावर बसलेला, कोपर बाहेर, मान बाहेर, डोळा बारीक. बैलसुद्धा मागे वळून बघत होते.

"मानेला लचक भरली काय रे?" मी विचारलं.

"ड्रायव्हरची बैठक आहे ही, बाळा. तुला नाही कळायचं."

मला खरंच कळत नव्हतं, म्हणून मी मान डोलावली.

नवा ट्रक आला. चकचकीत, गादीदार सीट. पुढे-मागे लाल अक्षराच्या पाट्या बांधल्या, महिपतीने नारळ फोडला आणि नाथा शेजारी बसला. त्या दोघांचं शिक्षण अंबरनाथ ते बदलापूरच्या रस्त्यावर चाललं. मी मागे बसायचो, फुकटची हवा खायला. महिपतीने पहिल्या दिवसापासून तीच बैठक घेतली. नाथाने ती बघितली, त्याचं तोंड लाल झालं. तो कामापुरतं, "क्लच," "ब्रेक," "हात दाखवा," एवढंच बोलायचा. पुढे तर तो दुसऱ्या खिडकीतून शेतं बघत बसायचा. मला वाटलं गुरू गंभीर झाले. गाडी मात्र महिपती छान शिकला. मागे घेण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण भरलेली बैलगाडी भट्टीच्या बोळातून मागे घ्यायला जन्मभर शिकलेला माणूस.

परीक्षेला आम्ही नवा ट्रक घेऊन ठाण्याला गेलो. इन्स्पेक्टर बारीक मिशांचे, मोजकं बोलणारे. ते शेजारी बसले. मी आणि नाथा मागे उभे.

चढ लागला. महिपतीने गाडी थांबवली, पुन्हा उचलली, आणि उचलताना सवयीने जिभेने च्यक-च्यक केलं.

"कुणाला बोलावता?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"गाडीला, साहेब."

"ती येतेच आहे. तुम्ही सरळ बसा."

महिपती तसाच कललेला. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तो सरळ बसला, तर रस्ताच त्याला ओळखू येईना. मोरी डावीकडे सरकली, खांब उजवीकडे. गाडी साप चालावा तशी निघाली. घाबरून त्याने पुन्हा मान बाहेर काढली, की गाडी सुतासारखी सरळ. साहेबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून समोरून त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "चालवता चांगली. पण तुमच्या मानेत आणि डोळ्यांत दोष आहे. डॉक्टरकडून पुन्हा तपासून या, दाखला आणा, मग सरळ बसून चालवून दाखवा. आज पास करत नाही."

शिवरात्र तोंडावर आलेली. परतताना नाथा चालवत होता आणि आम्ही तिघे केबिनमध्ये. कल्याणचा दुर्गाडीचा पूल लागला. मग नाथाच म्हणाला, "आणखी करा माझी नक्कल."

"कसली नक्कल?"

"इतके दिवस माझ्या शेजारी बसून मला वेडावून दाखवलंत. बाळादादा मागे बसून हसायचे. मी तायडीकडे बघून गिळलं."

"मी हवेने हसायचो," मी म्हणालो, पण माझ्याकडे कोण बघतो.

"वेडावू कशाला?" महिपती म्हणाला. "ड्रायव्हर असाच बसतो ना? तू बसतोस तसा."

नाथाने गाडी कडेला घेतली. महिपतीकडे तो असा बघत राहिला, जसे मघाशी इन्स्पेक्टर बघत होते. मग म्हणाला, "भावोजी, आत्ता मी कसा बसलोय?"

महिपतीने बघितलं. नव्या गाडीच्या गादीवर नाथा जरा कललेला होता, पण मान आत होती.

नाथा आम्हाला सरळ शेठच्या आवारात घेऊन गेला. जुना ट्रक उभा होता. दार उघडून म्हणाला, "बसा. आज उस्तादाची परवानगी आहे."

महिपती मोठ्या रुबाबात चढला, बसला आणि तितक्याच वेगाने उठला. सीटच्या डाव्या अंगाला मोडलेली स्प्रिंग वर आली होती, बोटभर. त्यावर गोणपाट टाकलेलं, ते कधीच फाटलेलं. तिथे बसायचं तर उजव्या कुशीवर, दाराला चिकटून, मान बाहेर. आणि बोचलं की डोळा आपोआप बारीक होतो, हे महिपतीने त्याच क्षणी करून दाखवलं.

"शेठ म्हणतो, चाकं फिरतात ना, मग सीटचं काय," नाथा म्हणाला. "म्हणून दसऱ्याला जाड झूल मागितली होती. तायडीला म्हटलं, भावोजींची आहे तशी टिकाऊ दुसरी कुठे मिळणार. तुम्ही नाही म्हणालात."

मला हसू आवरेना. पोट धरून मी चाकाशी बसलो. महिपती हसला नाही. डाव्या अंगाला हात लावून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "सीटला हवी आहे, हे सांगायचंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती आला तो काखेत झूल घेऊन. कवड्या आणि भिंगं त्याने रात्रीतून उसवून ठेवली होती, नाहीतर स्प्रिंग परवडली. चौपट घडी करून स्वतःच्या हाताने ती जुन्या ट्रकच्या सीटवर बसवली, दोरीने आवळली. नाथा बसून बघतो तर गादी. आणि मग दोघे नव्या ट्रकमध्ये चढले. नाथाने डोक्यावरचं उपरणं सोडून महिपतीची पाठ सीटला बांधली, आणि जरा मान बाहेर गेली की हात लांब करून त्याचा कान धरायचा. यावेळी हळू धरायचा, हे मी मागून पाहिलंय. महिपती आता विचारायचाही. आणि विचारायला लागला तो इतका, की नाथाच म्हणाला, "भावोजी, जरा श्वास घेऊ द्या."

डॉक्टरने मान आणि डोळे तपासून हसत दाखला दिला. शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात महिपती ठाण्याला सरळ बसून पास झाला. च्यक-च्यक मात्र सुटलं नाही. साहेबांनी त्याकडे कानाडोळा केला. शर्टाला बिल्ला लागला, बनूबाईने ओवाळलं. या खेपेला गोठ्यात कुणी गेलं नाही.

जत्रेच्या दिवशी लोकूमल शेठने दोघांना बोलावून गाड्या वाटून दिल्या. जो जुना ड्रायव्हर त्याला नवी गाडी, जो नवा त्याला जुनी, हा त्या धंद्याचा रिवाज. नवा ट्रक नाथाला गेला. महिपतीला मिळाला मोडक्या स्प्रिंगचा, आणि त्यावर त्याच्याच आईच्या हातची झूल.

त्या संध्याकाळी तो मोरिवलीच्या वळणावर आला आणि त्याने हॉर्न वाजवला. बनूबाई पिठाच्या हाताने धावत बाहेर आली. नवरा झुलीवर ताठ बसलेला बघून म्हणाली, "अगदी माझ्या नाथासारखे दिसता. आता तरी पोटात गार पडलं का?"

महिपतीने इंजिन बंद केलं. मागून नाथाचा नवा ट्रक अंबरनाथकडून येत होता, आणि वळणावर त्यानेही बहिणीसाठी हॉर्न दिला.

"ऐकलंस?" महिपती म्हणाला. "त्याच्या हॉर्नमधून दोन सूर निघतात. माझ्यातून एकच."