आत्या, भाची आणि गोल जिना

घरात तिला सगळे खुडबुडी म्हणत. चालायला लागल्यापासून तिचे हात स्वस्थ म्हणून नव्हतेच. घड्याळ उघड, खुर्चीचा खिळा काढ, दाराची कडी उलटी बसव, असं सतत काहीतरी चाललेलं. बरं, अभ्यासात मागे असती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण खुडबुडी गणितात वर्गात पहिली यायची आणि खरी पंचाईत तिथेच झाली.

त्यांच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांसाठी दोन वाटा होत्या. एक वरच्या मजल्यावर, कॉलेजच्या तयारीची. दुसरी अंगणापलीकडच्या लांब शेडमध्ये, हातकामाची. तिथे सुतारकाम, विजेचं काम आणि नळजोडणी शिकवत. वाट निवडण्याआधी प्रत्येक मुलाला थोडे दिवस शेडमध्ये काढावे लागत. मुलं ते सहलीसारखे घालवत. खुडबुडीच्या हातात पहिल्याच दिवशी रंधा आला. फळीवरून तो एकदा नीट सरकला, पातळ ढलपी गोल वळत तिच्या मनगटावर पडली, आणि ती डबा खायचा विसरली.

"मी शेडमध्ये जाणार," तिने त्या दिवशी जेवताना सांगितलं.

वडील बस चालवायचे. त्यांचा घास हातातच राहिला. आई नर्स होती, तिने शांतपणे विचारलं, "बोटं सगळी आहेत ना अजून?" पण खरा प्रश्न आईवडिलांचा नव्हताच. प्रश्न होता आत्याचा.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शेजारच्याच घरात एकटी राहायची. जन्मभर गणित शिकवलेलं, अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, नाकावर माशी बसू द्यायची नाही. भाची इंजिनियर होणार हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. भाचीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"लाकूड कापायला पंचाण्णव टक्के लागत नाहीत," बातमी कळताच येऊन बसलेली आत्या म्हणाली.

"मग जास्तीचे झाले तर काय बिघडलं?" खुडबुडी म्हणाली.

वडिलांना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. आत्या उठली, चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने अबोला धरला. समोरासमोर आली की भाचीच्या डोक्यावरून पलीकडे बघायची, जणू तिथे फळा टांगला आहे.

खुडबुडीला वाईट वाटलं, पण शेडमध्ये पाऊल टाकलं की ते वाईट वाटणं बाहेर राहायचं. तिथले मिस्त्री सर अंगाने दांडगे आणि आवाजाने मऊ. कुणावर ओरडायचे नाहीत. चुकलेला तुकडा उचलून खिडकीत ठेवायचे आणि म्हणायचे, "बघत राहा त्याच्याकडे, तोच सांगेल." पहिल्या वर्षी खिडकीत खुडबुडीचेच तुकडे जास्त होते. तिने केलेलं पहिलं स्टूल डुगडुगायचं. आईने ते कौतुकाने स्वयंपाकघरात ठेवलं. वडील त्यावर बसले, कलंडले, आणि पडल्या पडल्याच म्हणाले, "लाकूड मात्र चांगलं आहे."

दुसऱ्या वर्षी सरांनी जिने शिकवायला घेतले. सरळ जिना तिला पटकन जमला. मग आला गोल जिना. मधे एक खांब, त्याभोवती फिरत वर जाणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक पायरी खांबापाशी निमुळती आणि बाहेर रुंद. शाळेच्या वाचनालयात वरच्या माळ्यावर जायला शिडी होती. तिथे असा जिना बसवायचं काम सरांनी खुडबुडीच्या गटावर सोपवलं. सर जमिनीवर खडूने खऱ्या मापाचं वर्तुळ काढत आणि मोजत मोजत पुढे जात. तसं काम व्हायचंही. पण खुडबुडीला सगळं आधी कागदावर दिसायला हवं होतं. वाकडा कठडा किती लांब येईल? त्याचा चढ किती? तिने खूप डोकं खाजवलं. शेडच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नव्हती. ती वरच्या मजल्यावर शिकवत.

एका संध्याकाळी तिने आत्याचं दार वाजवलं.

आत्याने दार उघडलं. बऱ्याच महिन्यांनी ती थेट भाचीच्या तोंडाकडे बघत होती. "काय हवंय?"

"साइन आणि कोसाइन," खुडबुडी म्हणाली.

आत्या दारातून बाजूला झाली. "चपला बाहेर काढ. भुसा लागलाय त्यांना."

टेबलावर कागद पसरले. आत्याने आधी जिन्याबद्दल चार प्रश्न विचारले, मग आठ. मग तिने एक कागद त्रिकोणी कापला, तिरकी कड पेन्सिलीने रंगवली आणि तो त्रिकोण पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळला. रंगवलेली कड बाटलीभोवती फिरत फिरत वर चढली.

खुडबुडी बघतच राहिली. "हा तर माझा कठडा."

"आणि उलगडला की साधा काटकोन त्रिकोण," आत्या म्हणाली. "आता काढ लांबी." मग स्वतःच बाटली उचलून तिने ती उजेडात फिरवली. "इतकी वर्षं फळ्यावर काढलं मी हे. याला धरून कुणी वर चढेल, असं कधी मनातच आलं नाही."

त्या दिवसापासून दोघींचं रोज बसणं सुरू झालं. आईला आता भाजी चिरायला मदत मिळेना, पण तिची तक्रार नव्हती. हिशेब पुरा झाला तेव्हा आत्याला राहवलं नाही. ती इस्त्रीची साडी नेसून शेडमध्ये आली, मिस्त्री सरांना नमस्कार केला आणि कोपऱ्यात बसून करवतीच्या आवाजात सगळं निरखत राहिली. सरांनी कागद वाचला, खडूचं वर्तुळ मोजून पाहिलं. दोन्ही जुळत होतं. सरांनी तो कागद भिंतीवर चिकटवला.

जिना बसवायच्या दिवशी मात्र सगळ्यांची जिरली. शेवटची पायरी माळ्याच्या बोटभर खाली राहिली. आत्याने पुन्हा हिशेब तपासला, सरांनी पुन्हा पायऱ्या मोजल्या. दोन्हींत चूक सापडेना. शेवटी विजेच्या वर्गातल्या एका मुलीचा पेन घरंगळत खांबाकडे गेला आणि उलगडा झाला. वाचनालयाची जमीनच मध्याकडे खचली होती. माप भिंतीजवळ घेतलं होतं, खांब मध्ये उभा होता. सर, आत्या आणि खुडबुडी, तिघांपैकी कुणालाही ती तपासायचं सुचलं नव्हतं. आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. खांबाखाली शिसवीची चकती बसवून त्यांनी जिना उचलला आणि पहिली वर चढली ती आत्या, साडीच्या निऱ्या एका हाताने सावरत, दुसरा हात कठड्यावर.

मग दर शनिवारी आत्या शेडमध्ये गणित शिकवायला येऊ लागली. नळजोडणीची मुलं आधी तिला टरकून असत, पण पाइपाच्या वळणाचे कोन काढायला बसली की उठायचं नाव घेत नसत. शिकवून झालं की आत्या रंधा हातात घ्यायची. तिने एक पेटी केली. झाकण बसत नव्हतं, तरी तिने ती पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली.

शाळा संपायच्या सुमाराला आत्याने विचारलं, "आता त्रिकोणमिती येते तुला. कॉलेजची परीक्षा दिलीस तर पास होशील. जायचंय?"

"सध्या नको, आत्या."

"सध्या?"

"सध्या."

आत्याने तो शब्द मनातल्या मनात तोलून पाहिला. "चालेल," ती म्हणाली.

खुडबुडी गावातल्या एका जिनेवाल्या बाईंकडे काम शिकली, मग स्वतःचा कारखाना काढला. पुढे तिशीत, हाताखाली माणसं आल्यावर, ती खरंच संध्याकाळच्या कॉलेजात गेली. लाकूड भार कसा पेलतं ते नीट समजून घ्यायचं होतं तिला. वर्गातल्या पोरांत ती सगळ्यांत मोठी, आणि पहिल्या बाकावर बसणारी. वडील निवृत्त झाले होते. तेच तिला सोडायला यायचे आणि वळणावर अजूनही बसइतकी जागा सोडून गाडी वळवायचे.

आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा खुडबुडीने तिच्या घरातला जुना उभा जिना काढला आणि ठेंगण्या, रुंद पायऱ्यांचा नवा बसवला. आत्या सावकाश वर गेली, सावकाश खाली आली.

"कसा आहे?"

"चढ बरोबर आहे," आत्या म्हणाली. "कठडा अजून थोडा घासायला हवा." आणि भाची पॉलिशपेपर शोधू लागली तशी आत्या परत वर चढायला लागली.