साफ केलेली कॅसेट

९ नोव्हेंबर २००२, शनिवार. फ्रिजमधला बर्फ काढत होते. दिवाळीचे उरलेले डबे ओट्यावर, फ्रिजचं दार सताड उघडं, खाली जुन्या चादरीची फडकी. तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या जाझ श्रवण मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्यामागे मंडळातले सर्वांत तरुण सभासद. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, कोथरूडमध्ये आमच्या समोरच्याच सोसायटीत राहणारे. तरुण सभासद हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत.

"अहो, कॅसेट दिलीत, सीडी घ्या," अध्यक्ष म्हणाले. "खरखर नावालाही उरली नाही."

फ्रिज बंद असल्यामुळे चहा टळला. पुण्यात एवढं कारण पुरतं. दोघं गेले. मी हात पुसले आणि सीडी लावली.

ती कॅसेट माझ्या भावाची होती. दादा येरवड्यात आमच्या वस्तीतल्या बँडमध्ये ताशा वाजवायला शिकला. जयंतीच्या मिरवणुका, मग लग्नं, मग कुणीतरी त्याला कॅम्पातल्या एका हॉटेलात नेलं आणि तो ड्रमवर बसला. तिथे संध्याकाळी चौघं जण वाजवत: पियानो, सॅक्सोफोन, मोठा उभा बास आणि दादा. जाझ हा शब्द मी त्याच्याकडून ऐकला. मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं होतं, "आपण जाझकडे कशा वळलात?" मी म्हटलं, "वळावं लागलं नाही, घरात होतं." त्यांना ते पटलं नाही. येरवड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात जाझ कुठून असणार?

दादाचा हात ब्रशवर होता. ब्रश म्हणजे तारांचा झाडू, वीतभर. काठीसारखा आपटायचा नाही, ड्रमच्या कातड्यावरून फिरवायचा. वडील पाळीवरून येऊन झोपलेले असत, म्हणून दादा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव करायचा. सुपात तांदूळ पाखडताना येतो तसा आवाज. आई म्हणायची, "तांदूळ संपले तरी पोराचं पाखडणं संपत नाही."

मंडळात नवा माणूस आला की त्याला काय ऐकायला सांगावं यावर नेहमी वाद होतो. कुणी ट्रम्पेट सांगतं, कुणी मोठे बँड. माझा सल्ला मी इथे देऊन ठेवते. चौघांचा लहान संच घ्या आणि त्यांची संथ धून लावा. सॅक्सोफोन ऐकायचा प्रयत्न करू नका, तो न ऐकता ऐकू येतो. त्याच्या खाली जी सतत सळसळ चालू असते तिच्यावर कान ठेवा. गाणं तिच्यावर उभं असतं. ती थांबली की बाकीचे तिघं हवेत तरंगायला लागतात.

कॅसेटवर एक संध्याकाळ होती. हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, ड्रमच्या अगदी शेजारी मी टू-इन-वन ठेवून ती टेप केली होती. पुढे काळ बदलला. हॉटेलांना चौघं परवडेनात. ताल आत भरलेला कीबोर्ड आला, त्याला एक माणूस पुरतो. दादा टेम्पो चालवू लागला आणि नगर रस्त्यावर अपघातात गेला. मुलगी तेव्हा चार वर्षांची. वहिनीने ती कॅसेट कधी घरात येऊ दिली नाही. "तिला समज आल्यावर बघू," म्हणायची. या दसऱ्याला तिनेच फोन केला. "ताई, पोरगी बारावीला गेली. बापाचं वाजवणं ऐकायचंय म्हणते. आणा आता." कॅसेट जुनी, सारखी लावली तर तुटेल, म्हणून सीडी करून घ्यावी असं ठरलं. मंडळातल्या सगळ्यांच्या कॅसेटी तेव्हा सीडीवर चढत होत्याच. त्यात माझीही दिली.

तर सीडी लावली. सुरुवातीला शांतता. मग पियानो, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा. मग बास. मग सॅक्सोफोन. मी वाट पाहत राहिले. पहिली धून संपली, टाळ्या झाल्या. दादा कुठेच नव्हता. दुसऱ्या धुनेत मधूनच पाण्याखाली बोलल्यासारखं काही गुळगुळलं आणि बुडालं.

तरुण सभासदांना फोन केला.

"मॅडम, त्यात हिस् खूप होता," ते उत्साहाने म्हणाले. "सॉफ्टवेअरला आधी नॉइजचा नमुना द्यावा लागतो. म्युझिक सुरू व्हायच्या आधीचा रिकामा तुकडा निवडायचा. मग तसा आवाज जिथे जिथे असेल तिथून ते काढून टाकतं."

"तो तुकडा रिकामा नव्हता. गाणं ड्रमवाल्याने सुरू केलंय. एकटा ब्रश वाजवतोय."

"ओह. मला वाटलं टेपची खरखर."

माणूस वाईट नव्हता. त्याने सुट्टीचे दिवस घालवून, एक पैसा न घेता, माझा भाऊ नमुना म्हणून निवडला आणि सगळीकडून पुसला.

"मूळ फाइल असेल ना?"

"सॉरी मॅडम, जागा होत नाही म्हणून रॉ फाइल्स उडवल्या. पण कॅसेट आहे की. अध्यक्षांकडे दिल्यात मी सगळ्या."

अध्यक्षांनी फोनवर सांगितलं की सीडी झाल्यावर कॅसेटी घरात कशाला, म्हणून त्यांनी ओळखीच्या एका क्लासला देऊन टाकल्या. कोपऱ्यावरचा तो क्लास, कॉल सेंटरसाठी इंग्रजी उच्चार शिकवणारा. विद्यार्थ्यांना सरावाचे पाठ भरून द्यायला त्यांना कॅसेटी लागत.

"मला विचारायचं होतंत."

"अहो, सगळ्यांच्याच दिल्या. तुमची एकटीची थोडीच?"

फ्रिज तसाच उघडा टाकून मी निघाले. क्लासमध्ये एका टेबलावर कॅसेटींचा ढीग होता आणि त्यामागे एक बाई नावं टाकत बसल्या होत्या. माझी सापडायला वेळ लागला नाही. लेबलवर दादाचं अक्षर होतं, त्याच्या निम्म्यावर पांढरा कागद चिकटवून "लेसन" असं लिहिलेलं. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे तुकडे तोडतात, ते मी पहिल्याच दिवशी तोडले होते. तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली होती. बंदोबस्त करणाऱ्यापेक्षा पट्टी लावणारा नेहमी हुशार असतो.

बाईंनी कॅसेट तिथल्याच यंत्रात घालून दाखवली. एक मुलगी परदेशी बाईच्या आवाजात फोन केल्याबद्दल आभार मानत होती. मग तेच पुन्हा, हळू. दुसरी बाजूही ऐकली. तिथे तीच मुलगी गिऱ्हाइकाची माफी मागत होती.

"काही महत्त्वाचं होतं का?" बाईंनी विचारलं.

"होतं."

"आम्हाला तर कोऱ्या म्हणून दिल्या."

त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले. ते दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची तयारी करत होते. विषय त्यांचा आवडता: जाझ, दडपलेल्या माणसांचा आवाज. या विषयावर ते घड्याळ न बघता बोलू शकतात आणि डोळ्यांत पाणीही आणतात.

मी झालं ते सांगितलं. त्यांनी सीडी मागून घेतली, लावली, डोळे मिटून ऐकली.

"अहो, पण उरलंय ते काय सुंदर आहे! किती मोकळी जागा मिळाली पियानोला. ड्रमशिवायचा संच म्हणून हे फार दुर्मिळ आहे. उद्या हेच ऐकवू या."

"ड्रमशिवायचा नाही. ड्रम होता."

"होता ना. पण आता ऐकू येत नाही, तर ऐकणाऱ्याने काय करायचं?"

"ऐकणाऱ्याने गप्प बसायचं."

"तुम्ही फार मनाला लावून घेताय. बंधूंचा उल्लेख करू की आपण. विषयालाही धरून होईल."

"माझा भाऊ विषयाला धरून नव्हता," मी म्हटलं. "हॉटेलात नोकरीला होता. सीडी द्या."

त्यांनी दिली. वर मला फाटकापर्यंत सोडायलाही आले. सौजन्यात कुठे कमी नाही. त्यांच्या पत्नीने आतून विचारलं, "काय झालं हो?" ते म्हणाले, "काही नाही, त्यांची कॅसेट खराब निघाली."

घरी आले तर स्वयंपाकघरभर पाणी. ते पुसलं, डबे जागेवर लावले. आधी हॉटेलात यंत्राने दादाची जागा घेतली आणि आता यंत्रानेच त्याला गाण्यातून काढलं, असं मंडळाच्या भाषणात शोभेलसं वाक्य मला सुचलं ते बऱ्याच दिवसांनी. सुचून उपयोग काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या बैठकीला गेले नाही. बसने येरवड्याला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. वहिनी भाकरी थापत होती, भाची नवे इअरफोन घेऊन तयार बसली होती. मी चप्पल काढली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. घोळवत बसले असते तर मध्येच थांबले असते.

वहिनीचा हात थांबला नाही. "मग आता त्याच्यात कोण कोण राहिलं?"

"पियानो, सॅक्सोफोन, बास."

"ते राहणारच," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

भाचीने विचारलं, "आत्या, मग मी काय ऐकू?"

ब्रशचं काम चांगलं असलेल्या रेकॉर्ड बाजारात मिळतात. त्यातल्या दोन-तीन मी सांगितल्या. म्हटलं, तुझा बाप साधारण असं वाजवायचा.

"साधारण?"

"हो."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचं ऐकून बाबा होते असं समजायचं?"

"नाही," मी म्हटलं. "तसं समजू नकोस."

तिने इअरफोनची वायर गुंडाळून खोक्यात ठेवली. सीडी तिने मागितली नाही, मीही पिशवीतून काढली नाही. वहिनीने ताट वाढलं. मी जेवले, भांडी घासू लागले आणि दुपारच्या बसने परत आले.