मराठीतलं 'नाही'

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, सल्ला द्यायचा नाही. हे मला! लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला सहावा मजला येईपर्यंत स्थळ, डॉक्टर आणि भाड्याचा फ्लॅट सुचवणारी बाई मी. आमच्या पर्यवेक्षक मॅडमचं एकच म्हणणं, "सवाल पूछो, बस." गिळलेल्या सल्ल्यांनी दोन महिन्यांत माझं वजन चार किलो वाढलं.

त्याच सुमारास आमच्या नोएडाच्या केंद्रात एक मराठी बाई यायला लागल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील इतके बदललेत, की हे वाचून त्या स्वतःच 'बिचारी' म्हणतील. केंद्र सरकारची नोकरी, गाझियाबादला दोन खोल्यांचं घर. लहान खोलीत त्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या. तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. आणि नेमक्या त्याच खोलीत सहा महिने राहायला पुण्याहून वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, येणार होत्या. फोनवर बाई नेहमीसारख्या "चालेल" म्हणून बसल्या होत्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, घरात त्यांना सगळंच चालत आलं होतं.

'अहो, सरळ नाही सांगा की!' जिभेवर आलेलं मी गिळलं.

एका शनिवारी त्या उशिरा आल्या, तावातावाने. शेअर ऑटोवाला त्यांच्या शेजारी चौथी सवारी कोंबत होता. त्याला त्यांनी असं झापलं होतं, की पुढचे दोन सिग्नल म्हणे घाबरून हिरवेच राहिले. मी खोदून खोदून विचारलं. भाजीवाल्याला नाही म्हणता? हो. सोसायटीच्या सेक्रेटरीला? बिल्कुल. ऑफिसात साहेबांना? तोंडावर.

मला भलतंच कुतूहल वाटलं. "हे सगळं हिंदीत झालं. मराठीत शेवटचं 'नाही' कधी म्हणालात?"

त्या बोटांवर वर्षं मोजायला लागल्या. तेवढ्या वेळात मेट्रोची एक नवी लाइन बांधून झाली असती.

"माहेरी," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी."

म्हणजे नकार त्यांच्याकडे होता, फक्त तो घराच्या दाराबाहेर राहत होता. त्याला आत कसं आणायचं, ते आम्ही दोघींनी मिळून शोधायला घेतलं. मी वन्सं झाले, आणि इतकी रंगले, की शेजारच्या योगवर्गातले शवासनातून उठून बघायला आले. बाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "वन्सं, नहीं हो पाएगा." आम्ही दोघी हसून हसून बेजार. पाचव्यांदा मराठी आलं, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. मग आठवडाभर घरी छोटे नकार, नवऱ्याच्या तिसऱ्या चहापासून.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितलं, फोन केला. "वन्सं, आत्ता नाही जमणार. माझी परीक्षा आहे." वन्सं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. नवरा तीन दिवस कामापुरतंच बोलत होता.

"आणि तुम्ही?"

"रडले. मग खोलीत जाऊन एक धडा संपवला."

कोणता, ते मला विचारल्यावाचून राहवेना.

"रजेचे नियम," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून मला ते समजावून सांगायला लागल्या.