जिभेचा बाप्तिस्मा

राग आला की ती पाण्याचा गडवा उचलायची, मोठा घोट तोंडात घ्यायची आणि गाल फुगवून बसायची. राग उतरला की दाराजवळच्या लिंबोणीच्या बुडाशी चूळ टाकायची आणि म्हणायची, "गेला. आता बोला."

मोताळ्याच्या मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि ती दाई. ख्रिस्ती होण्याआधी तिच्या तोंडी लागायला पोलीस-पाटीलही कचरायचा, असं जुनी माणसं सांगत. गडव्याबद्दल मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "येशूच्या मांगं चालाचं म्हणलं त पाय लगेच चालले. जीभ काही येईना. मंग तिले रोज बाप्तिस्मा द्या लागते."

लिंबोणी मात्र अशी फोफावली की रोगी जाताना औषधासोबत लिंबंही नेत. एका रविवारी पाद्रीसाहेबांचं प्रवचन फारच लांबलं, तेव्हा तिनं बाकाखालचा गडवा उचलला. साहेबांनी लगेच शेवटची प्रार्थना सांगितली. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं.

तिला एकच भाऊ, जवळच्याच खेड्यात शेती करणारा. ती ख्रिस्ती होऊन बाटली म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हे तिला फार लागायचं. एका बाजाराच्या दिवशी त्याचीच बैलगाडी दवाखान्याच्या आवारात आली. गाडीत त्याची बायको, बाळंतपणात अडलेली. डॉक्टरीणबाई नागपूरला गेलेल्या.

तो बहिणीला आडवा आला. "दुसरं कोनी नाही काय? बाटलेलीचा हात लागू देनार नाही मी. आईबापाच्या नावाले काळं फासलं तुनं."

तिनं गडवा उचलला. गाल फुगले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तोंडातलं मात्र हललं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. ती एक शब्द उलट बोलली असती तर त्यानं गाडी माघारी वळवली असती आणि वाटेत दोन जीव गेले असते. तो बोलत राहिला. समोरून उत्तर येईना, तसे त्याचेच शब्द संपले. गाडीतून बायको कण्हली.

तिनं चूळ टाकली. "गेला," ती म्हणाली. "दादा, आता सरक. वयनी माही हाये."

तो सरकला.

दिवेलागणीला आतून पोर रडल्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी औषधाच्या खोलीत मटकन बसलो. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

भाऊ पायरीवर बसला होता. ती बाहेर आली, गडवा विसळून भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याच्या घरात तिच्या हातचं पाणी वर्ज्य होतं. त्यानं गडव्याकडे पाहिलं, मग तोंड लावून तो रिकामा केला.

"अजून दे," म्हणाला.

मग दर बाजाराला तो तिच्याकडे येऊन बसू लागला. खूप वर्षांनी ती झोपेतच गेली, फार न खितपता. माती देऊन आम्ही परतलो, तेव्हा तो लिंबोणीपाशी उभा होता, गाल फुगवून. त्यानं चूळ टाकल्यावर मी विचारलं, "राग आला का, भाऊ?"

"हाव," तो म्हणाला. "मले न सांगता गेली."