मागच्या डाव्या चाकाचा नट

ऐंशीच्या दशकात भांडुपला, आग्रा रोडच्या कडेला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, गाडीखाली उभं राहून काम करायला खणलेला एक खड्डा, दोन कारागीर आणि मी. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा दाखला फ्रेम करून टेबलामागच्या भिंतीवर लावला होता. शिक्का मारलेला असा कागद मिळवणारा आमच्या घरातला मी पहिला. वडील मराठवाड्यातून आले आणि आयुष्यभर बांधकामांवर विटा वाहत राहिले. दाखला घरी आणला त्या दिवशी त्यांनी हात धुऊन तो घेतला आणि वाचता येत नसताना कितीतरी वेळ बघत बसले. त्यामुळे त्या कागदाच्या बाबतीत मी हळवा होतो. आणि खरं सांगायचं तर थोडा माजलेलाही.

आमच्या चाळीत समोरच्या रांगेत एक कोकणातला माणूस राहायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मिस्त्री. तो गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा हाती आलं त्यात त्याने एक जुना ट्रक घेतला. पवईच्या मागच्या खाणीतून खडी भरायची आणि मुलुंडला, बोरिवलीला, कधी दहिसरला नवीन इमारतींच्या कामावर टाकायची. ट्रक तोच चालवायचा आणि दुरुस्तही तोच करायचा.

दर रविवारी सकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत तो ट्रकखाली पोतं अंथरून आडवा व्हायचा. दुपारी बायकोने जेवायला हाक मारली की बाहेर यायचा, हात रॉकेलने धुवायचा, जेवायचा आणि पुन्हा आत. मला ते बघवत नसे. काही अडलं की तो माझ्याकडे यायचा, पाना मागायचा, दोन प्रश्न विचारायचा आणि निघून जायचा. गाडी मात्र कधी आणायचा नाही.

"दादा, घेऊन ये ना एकदा," मी म्हणायचो. "हे काय खेळणं आहे का?"

"गाडी मी चालवतंय," तो म्हणायचा. "तिचो आवाज माका कळता. तुका दिवसाक धा गाड्यो. तुका कसो कळतलो?"

एकदा मात्र त्याने डिझेलचा पंप स्वतः उघडला. त्या पंपाला कोणी हात लावायचा नसतो; त्याची जुळणी मशीनवरच करावी लागते. दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक काळा धूर सोडत मुलुंडच्या रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने चालला होता. शेवटी पंप मी नीट करवून आणला. समोरच्या चहाच्या टपरीवर ती गोष्ट पुढे महिनाभर चालली. "फिटरसाहेब, आज काय उघडलं?" असं कोणीही विचारायचं. दादा हसायचा आणि चहा संपवायचा. मीही त्या हसणाऱ्यांत होतो.

पण एक गोष्ट मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही. त्याचं बाकीचं काम चांगलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, क्लचची जुळणी, चाकांचे नट, कुठेही बोट ठेवायला जागा नसायची. एक फेरी पूर्ण झाली की तो पुन्हा पहिल्या नटापासून सुरुवात करायचा. गिरणीची सवय, म्हणायचा. माझ्या शेडमध्ये तेवढा वेळ कोणाला होता?

मग एका पावसाळ्यानंतर त्याच्या ट्रकचा ब्रेक नरम लागायला लागला. एकदा पाय दाबून गाडी थांबेना, दोनदा दाबावा लागे. त्याने मला विचारलं, मी सांगितलं की चारही चाकांकडची, ब्रेक ऑइल अडवून धरणारी रबरं बदलावी लागतील. तो म्हणाला, रविवारी करतो. त्याच संध्याकाळी त्याची बायको माझ्या गॅरेजवर आली. घाटकोपरला एका औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, तिथूनच परस्पर आली होती. शेडच्या बाहेर उभी राहूनच बोलली.

"भाऊ, ब्रेकचं काम यांना करू देऊ नका. तुम्हीच करा. तुमचं ते ऐकतील."

"माझं कुठे ऐकतो तो?"

"मग मी ऐकायला लावते. पंपाच्या वेळेपासून माझा जीव थाऱ्यावर नाही."

तिने काय सांगितलं माहीत नाही, पण दोन दिवसांनी दादाने ट्रक खरंच माझ्या शेडमध्ये आणला. किल्ली माझ्या हातात देऊन तो खड्ड्याकडे निघाला, तेव्हा मी त्याला अडवलं.

"दादा, इथे गिऱ्हाईक खड्ड्यात उतरत नाही. तू समोर बस, चहा पी."

"मी फक्त बघतंय रे."

"तेच नको. एक दिवस तरी बस ना आरामात."

कारागीर हसले. दादा टपरीवर जाऊन बाकड्यावर बसला. रस्त्यापलीकडून तो सकाळभर माझ्या खड्ड्याकडे बघत होता. मला ते कळत होतं आणि त्याचा मला आनंद होत होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

चारही चाकांची रबरं मी स्वतः बदलली. मागच्या डाव्या चाकाला ब्रेक ऑइलचा पाईप जोडत होतो. नट बोटांनी बसवला, पान्याने थोडा फिरवला, शेवटचं आवळायचं बाकी होतं, तेवढ्यात बाहेरून हाक आली. रस्त्याच्या मधोमध एक टेम्पो बंद पडला होता, मागे रांग लागली होती आणि ड्रायव्हर माझ्या नावाने हाका मारत होता. मी खड्ड्यातून वर आलो. टेम्पो सुरू व्हायला अर्धा तास गेला. परत आलो, खाली उतरलो आणि मागच्या उजव्या चाकाला हात घातला.

डावं झालंय, असं मला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तो प्रश्नच मनात आला नाही. पाईपमधली हवा काढली, ऑइल भरलं, पॅडल दगडासारखं घट्ट झालं. स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून आलो. दादा शेजारी बसला होता. त्याने स्वतः एकदा ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाला, "झकास." मला तो शब्द दाखल्याइतकाच मोठा वाटला.

बारा दिवसांनी, दुपारी जेवत असताना चाळीतला एक जण सायकलवरून धापा टाकत आला. पवईच्या उतारावर दादाचा ट्रक धडकला होता.

मी पोचलो तेव्हा दादाला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. ट्रक रस्त्याच्या कडेच्या खडकात तोंड खुपसून उभा होता, निम्मी खडी रस्त्यावर सांडली होती. उतार संपतो तिथे बसस्टॉपवर बायामाणसं उभी होती, तीच सांगत होती. भरलेला ट्रक हॉर्न वाजवत खाली येत होता, थांबत नव्हता, आणि त्या माणसाने तो मुद्दाम खडकात घातला. बाकी कोणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. स्टिअरिंग आणि दरवाजा यांच्यामध्ये दादाचं उजवं मनगट चिरडलं होतं.

हवालदाराने मला ओळखलं. म्हणाला, "मिस्त्री, बरं झालं आलात. जरा खाली बघा, काय झालंय ते सांगा."

मी ट्रकखाली शिरलो. मागचं डावं चाक आतून ऑइलने ओलं झालं होतं. मी नटाला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला.

बाहेर हवालदाराचे बूट दिसत होते. मग मी सरपटत बाहेर आलो आणि म्हणालो, "पाईपचा नट ढिला होता. ऑइल गळून गेलंय."

"काम कोणी केलेलं?"

मी तोंड उघडायच्या आत गर्दीतला एक जण बोलला. आमच्या टपरीवरचाच. "कोण करणार? हा सगळं स्वतःच करतो. किती वेळा सांगितलं होतं, साहेब."

दोघातिघांनी माना हलवल्या. हवालदाराने लिहून घेतलं. कोणी माझं तोंड दाबलं नव्हतं. 'माझ्याकडून झालं' हे दोनच शब्द बोलायचे होते, आणि ते मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. दादा खाटेवर पडून होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. मला बघून ती उठली नाही.

"ऑइल खंयसून गळला?" दादाने विचारलं.

"मागचं डावं चाक. नट... दादा, माझ्याकडून राहिला. मध्येच बाहेर गेलो आणि विसरलो."

"ठाऊक आसा माका."

"कसं?"

"बाकड्यावर बसान बघित होतंय. तू वर इलस, मगे उतरलस तो दुसऱ्या बाजूक. माझ्या मनात इला, विचारूया. मगे म्हटलं, तो शिकलेलो माणूस, तेका काय विचारायचा." तो छताकडे बघत बोलत होता. "घरी येवन एकदा खाली वाकान बघूक होया होता. बारा दिवस गाडी चालवलंय. एकदाव बघूक नाय. तुझ्या कागदावर इसवास ठेवलंय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी चौकीत जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो.

तेव्हा त्याची बायको बोलली. "काल सांगायचं होतं, भाऊ. रस्त्यावर. तिथे सगळे यांना नावं ठेवत होते तेव्हा." तिने पदराने खाटेची कड पुसली, तिथे काही नव्हतं. "मीच तुमच्याकडे पाठवलं यांना. आता मी कोणाला काय म्हणू? तुम्ही येऊ नका इथे."

मी चौकीत गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि वहीकडे बघून म्हणाला, "दुसरा कोणी जखमी नाही, कोणाची तक्रार नाही. कागद झाले. कशाला उकरताय? जा, कामाला लागा." चौकीची पायरी उतरताना मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी अजून विसरलेलो नाही. अपघातापेक्षाही तेच जास्त वेळा आठवतं.

मग मी टपरीवर सांगितलं. एकदा नाही, तीनचारदा. नट मी विसरलो, दादाचा दोष नाही. लोकांनी ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, तू दिलदार माणूस आहेस यार. दोस्तीसाठी स्वतःवर घेतोस." मी चिडून बोललो, तर त्यांना ते आणखीच खरं वाटलं. शिकलेला मेकॅनिक नट विसरेल, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं, आणि गिरणीतला फिटर नट विसरणार नाही, हेही. माझी गिऱ्हाइकं वाढली. एक जण तर म्हणाला, इतके दिवस मीही गाडी घरीच करायचो, पण त्या कोकण्याचं झालं ते बघून शहाणा झालो. त्याची गाडी मी घेतली नाही. त्याला कारण काय सांगावं ते सुचलं नाही, म्हणून जागा नाही म्हणालो. शेड त्या दिवशी निम्मी रिकामी होती.

दादाचं मनगट जुळलं, पण वाकडं. मूठ पूर्ण मिटत नव्हती, पाना धरता येत नव्हता. मी निरोप पाठवला की चाळीमागे ओढून आणलेला ट्रक मी उभा करून देतो, खडकाने फोडलेलं तोंड, रेडिएटर, सगळं. उत्तर आलं नाही. एका सकाळी दहिसरचा कोणी माणूस आला आणि ट्रक तसाच ओढून घेऊन गेला. चाळीमागच्या जागेत दादा उभा होता. साखळी नीट बसली आहे का, ते त्याने वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. मी गॅलरीतून बघत होतो. खाली जायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी खोली बदलली.

काम मी सोडलं नाही. दुसरं येत काय होतं? ब्रेकचं काम सुरू असताना शेडचं पत्र्याचं दार बंद करायला लागलो, आणि मध्ये कोणत्याही कारणाने उठावं लागलं तर चारही चाकं पहिल्यापासून. गाडीच्या मालकाला मी स्वतः खड्ड्यात उतरवायचो, पाना त्याच्या हातात द्यायचो, म्हणायचो, आवळून बघ. काही जण वैतागायचे. कारागीर म्हणायचे, असं केलं तर दिवसाला दोन गाड्या होणार नाहीत. झाल्याही नाहीत.

दशक संपता संपता एकदा मुलुंडला नटबोल्टच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. काउंटरमागे दादा होता. केस पिकलेले, अंगात दुकानाचा निळा कोट. त्याने मला बघितलं, ओळखलं, आणि चेहरा तसाच ठेवला.

"काय हवं आहे?"

मी सांगितलं. तो मागच्या खणांकडे गेला, डाव्या हाताने नट मोजून पुडीत टाकले, वाकड्या उजव्या हाताने पुडी दाबून धरली आणि डाव्याने दोरा गुंडाळला. सराईतपणे, कुठेही न अडखळता. मला त्याच्या बायकोबद्दल विचारायचं होतं, घर कुठे आहे ते विचारायचं होतं.

"दादा," मी म्हणालो.

"वायसर पण लागतील का तुम्हाला?" त्याने विचारलं. साध्या, पुस्तकातल्या मराठीत. इतक्या वर्षांत तो मला कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

"लागतील," मी म्हणालो. त्याने वायसर काढून दिले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.